गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे!

मागच्या पावसाळ्यात पुलाखाली राहणारी, सिग्नलवर गजरे विकणारी एक विधवा आई माझ्याकडे आली. तिची सात वर्षांची मुलगी पोलिसांनी सिग्नलवरून उचलून नेली, त्याला तीन आठवडे झाले होते. मुलगी बालगृहात. आई बाल कल्याण समितीच्या दारात चार वेळा जाऊन आलेली. दर वेळी एकच उत्तर : जन्मदाखला आणा, रहिवासाचा पुरावा आणा. आपण कोणत्या कागदावर अंगठा उमटवला, हेही तिला ठाऊक नव्हते. "वकीलसाहेब, पोरगी माझीच हाय. पर कागद कुठनं आणू?"

वकील तर सोडाच, तिला कागद वाचून दाखवणाराही कोणी नव्हता. हा प्रश्न एका बाईचा नाही. फुटपाथवर, पालावर, वीटभट्टीवर जगणाऱ्या आपल्या हजारो बांधवांचा आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बेघर किंवा भीक मागणारे मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. २४ तासांत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिच्या एका आदेशाने मूल घरी तरी जाते किंवा संस्थेत तरी. परंतु मुलाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा अखेरचा उपाय, असे याच कायद्याचे कलम ३ बजावते. केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये, हे संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्येच सांगितले आहे. मग पुलाखाली राहणे हा आईचा गुन्हा कसा?

ही नजर जुनी आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा करणाऱ्या इंग्रजांनी १८९७ च्या दुरुस्तीने त्या जमातींची मुले आईबापांपासून तोडण्याची सोय करून ठेवली. १९५२ मध्ये कायदा गेला. नजर गेली काय?

संविधानाचे कलम ३९-क मोफत कायदेविषयक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्न न पाहता वकील मिळू शकतो. म्हणजे त्या आईचा तो हक्कच होता! पण तिला ते कोणी सांगितले नाही. समितीच्या आदेशाविरुद्ध बाल न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. ज्या बाईच्या हाती आदेशाची प्रतच नाही, तिचे ३० दिवस कोणी मोजायचे?

सगळेच आईबाप निर्दोष असतात, असे माझे म्हणणे नाही. मारझोड, अत्याचार असेल तर मुलाला आधी सुरक्षित केलेच पाहिजे. तिथेही आईबापांचे ऐकून घेतले पाहिजे आणि कटू असले तरी सत्य त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. वकिलाची करुणा म्हणजे डोळ्यांत पाणी आणणे नव्हे. आदेशाची प्रत मिळवणे, मुलाच्या भेटीसाठी अर्ज करणे, सुनावणीला आईच्या शेजारी बसणे, ही खरी करुणा.

आणि मदतीची वाट दाखवणे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकांच्या मुलांनाही मदत मिळते. २०२३ मध्ये ती मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. मुलाला बालगृहात पोसण्यापेक्षा त्याच्या घराला आधार देणे केव्हाही श्रेयस्कर.

त्या आईच्या गाठोड्यात सरकारी दवाखान्याचे लसीकरणाचे कार्ड निघाले. त्यावर मुलीचे नाव होते, आईचेही होते. शेजारच्या दोघांनी प्रतिज्ञापत्रे दिली आणि मुलगी आईच्या कुशीत परतली. ते कार्ड पहिल्या दिवसापासून तिच्याजवळच होते. विचारणारा कोणी नव्हता, म्हणून सात वर्षांचे लेकरू सात आठवडे आईविना राहिले.

आपल्या समाजात आज वकिलांची कमतरता नाही. प्रत्येक जिल्ह्यातील चार-पाच जणांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव नोंदवावे आणि समितीच्या बैठकीच्या दिवशी तिथल्या बाकावर जाऊन बसावे. बाबासाहेबांमुळे अंगावर आलेला काळा कोट त्या बाकावर दिसणार नसेल, तर तो कोणाच्या कामाचा?