आधी नाव, मग आकडेमोड

विद्यार्थी मित्रहो, संगणकाच्या तासाला फळ्यावरच्या ओळी जशाच्या तशा उतरवायच्या आणि पडद्यावर अपेक्षित उत्तर उमटले की आज्ञावली शिकून झाली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. आमच्या मते ही सुरुवातच उफराटी आहे. आज्ञावली शिकणाऱ्याने सर्वांत आधी राशीला योग्य नाव देण्यास शिकले पाहिजे. आकडेमोड त्यानंतरची.

नवी मुंबईचेच उदाहरण घेऊ. या शहराला मुख्यतः खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी मिळते. धरण महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. पाण्याची पातळी ८८ मीटरवर पोचली, की ते पूर्ण भरले असे मानतात. तेव्हा त्यात सुमारे १९० दशलक्ष घनमीटर पाणी असते. योजनेची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटर पुरवण्याची आहे. मग पाऊस थांबल्यावर भरलेले धरण किती दिवस पुरेल?

संगणकाच्या स्मृतीत एक कप्पा राखून त्याला नाव दिले, की झाली चलराशी. समजा, आपण लिहिले:

साठा = १९०
उपसा = ४५०
दिवस = साठा // उपसा

दोन तिरक्या रेघा हे पायथन या संगणकभाषेतील पूर्णांक भागाकाराचे चिन्ह होय. उत्तर येईल ०. म्हणजे काठोकाठ भरलेले धरण शहराला एक दिवसही पुरणार नाही! संगणक चुकला काय? मुळीच नाही. पहिला आकडा घनमीटरांचा होता, दुसरा लिटरांचा. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. साठा १९०००० लिहिला, की उत्तर येते ४२२ दिवस. आणि बाकी काढणारे % हे चिन्ह वापरले, तर १०० दशलक्ष लिटर उरतात. (बाष्पीभवन, गळती आणि तळाशी राहणारे पाणी येथे सोडून दिले आहे.)

चूक भागाकारात नव्हती, ती नावात होती. 'साठा_दशलक्ष_घनमीटर' आणि 'उपसा_दशलक्ष_लिटर' अशी नावे दिली असती, तर आज्ञावली चालवण्याआधीच ती डोळ्यांत भरली असती. पायथनच्या ३ क्रमांकाच्या आवृत्तीत अशी मराठी नावे खरोखर चालतात. आकडे मात्र इंग्रजी अंकांत आणि स्वल्पविराम न देता लिहावे लागतात. एककांची अशी गल्लत मोठमोठ्यांनाही भोवली आहे. मंगळाकडे पाठवलेले अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. एका आज्ञावलीने दिलेले आकडे पौंडांच्या मापातले होते आणि ते वापरणारी दुसरी आज्ञावली न्यूटनचे माप धरून चालली होती.

दुसरी अडचण '=' या चिन्हाची. बीजगणितात ते समानता दाखवते. येथे ती आज्ञा आहे: उजवीकडचे गणित करा आणि उत्तर डावीकडच्या कप्प्यात ठेवा. म्हणूनच

साठा = साठा - ४५०

ही ओळ गणिताच्या वहीत अशक्य, पण आज्ञावलीत अगदी योग्य ठरते. एका दिवसाचे पाणी काढले आणि नवा साठा त्याच कप्प्यात ठेवला, एवढाच तिचा अर्थ. जुना आकडा पुसला जातो. दोन राशी समान आहेत का, हे विचारायचे असेल तर '==' असे दुहेरी चिन्ह लिहावे लागते.

दोन दिवसांचा उपसा वजा करताना 'साठा - ४५० * २' असे लिहितात. संगणक येथे तुमचा 'कंचेभागुबेव' पाळतो: गुणाकार आधी, वजाबाकी नंतर. उत्तर १८९१०० येते. डावीकडून क्रमाने गेलो असतो, तर ३७९१०० आले असते. पाणी वापरून धरण दुपटीने भरले असते!

कोणी म्हणेल, आता यंत्रेच आज्ञावली लिहून देतात, मग ही उठाठेव कशाला? उलट आताच तिची अधिक गरज आहे. लिहिणारा कोणीही असो, उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही हे कुणीतरी पाहिलेच पाहिजे. संगणकाला आकडा कळतो. तो आकडा पाण्याचा आहे हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना आहे, की गुण केवळ पडद्यावरच्या उत्तराला देऊ नयेत. कळफलकाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने वहीत तीन रकाने आखावेत: राशीचे नाव, तिचे एकक आणि प्रत्येक ओळीनंतर तिच्यात असणारा आकडा. निम्मे गुण या तक्त्याला असावेत. आणि मित्रहो, तुमच्या शाळेत तशी पद्धत नसली, तरी मोरबेचे हे गणित घेऊन स्वतःच तक्ता मांडून पाहा. उन्हाळ्यात पाणीकपातीची बातमी वाचाल, तेव्हा त्यातले आकडे लिटरांचे की घनमीटरांचे, हे तुम्ही आपणहून विचाराल.