इंजिन पाठीशी, पार्ट बाजारात

निवृत्ती जवळ आली की फौजी माणसाच्या डोक्यात तीन गोष्टी घोळू लागतात: गावाकडची जमीन, सोसायटीची सेक्रेटरीगिरी आणि जुनी गाडी. पहिल्या दोन विषयांवर सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात. तिसऱ्यावर मी लिहितो, कारण गेल्या वर्षभरात माझ्या तीन कोर्समेट्सनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे. "प्रोजेक्ट कार करायची आहे. छोटी, दोन सीटची, इंजिन मध्यावर असलेली. कुठली घेऊ?"

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. प्रोजेक्ट कार म्हणजे पडून राहिलेली, अर्धवट, गंजलेली गाडी. ती घ्यायची आणि रविवार-रविवार करत, स्वतःच्या हातांनी, दोन-तीन वर्षांत उभी करायची. गाडी चालवण्यापेक्षा गाडी करण्यात मजा आहे असं मानणाऱ्यांचा हा छंद. फौजेत असे लोक भरपूर सापडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भारतात राहणाऱ्यानं परदेशी मिड-इंजिन स्पोर्ट्स कारच्या मागे लागू नये. त्या गाडीमागचा विचार मात्र जरूर उचलावा, कारण तो आपल्या खिशाला आणि आपल्या बाजाराला चांगला जुळतो.

आधी इंजिन मध्यावर कशाला, ते पाहू. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढवणारे कावडकरी तुम्ही पाहिले असतील. खांद्यावर आडवा दांडा, दोन टोकांना वजन. सरळ चालताना ठीक, पण गर्दीत गर्रकन वळायचं म्हटलं तर टोकांची वजनं ऐकत नाहीत. तेवढंच वजन पोटाशी बांधून घेतलं तर माणूस जागच्या जागी फिरतो. गाडीचंही तसंच. सर्वांत जड वस्तू म्हणजे इंजिन. ते नाकात असलं की वळणावर नाक बाहेर ओढलं जातं. तेच ड्रायव्हरच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे ठेवलं, की गाडी स्टिअरिंग फिरवताच वळते. रणगाडेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. टी-७२ मध्ये क्रू पुढे बसतो आणि इंजिन त्याच्या मागे, आडवं बसवलेलं असतं. टोयोटा एमआर-टूमध्येही इंजिन पाठीमागे आणि आडवंच आहे. एक चाळीस टनांहून जड आणि दुसरी जेमतेम टनभर, एवढाच काय तो फरक!

या मांडणीचा धोकाही त्याच कारणातून येतो. जी गाडी पटकन वळते ती पटकन गरगरतेही. वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं तोंड आलो त्या दिशेला होतं. १९८९ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची एमआर-टू यासाठीच बदनाम झाली आणि पुढे टोयोटानं तिचं सस्पेन्शन बदललं. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात एकदा निर्णय घेतला की त्यावर ठाम राहावं, हा धडा ही गाडी फुकट शिकवत नाही. म्हणून ती नवशिक्याच्या हाती देऊ नये. पण शिकायची तयारी असलेल्या चाळिशीच्या माणसाला तिच्यासारखी मास्तरीण नाही.

आता मूळ मुद्दा. मध्यावर इंजिन म्हटलं की लोकांना फेरारी, लॅम्बोर्गिनी आठवते. छोट्या मिड-इंजिन गाड्यांचा इतिहास मात्र राजेरजवाड्यांचा नाही, मध्यमवर्गाचा आहे. १९७२ मध्ये फियाट एक्स-वन-नाइन आली. ती बर्टोनेकडे मार्चेल्लो गांदिनीनं रेखाटली, लॅम्बोर्गिनी मिउराचा तोच रेखाटनकार. इंजिन मात्र फियाट १२८ चं, म्हणजे इटलीतल्या कारकुनांच्या आणि मास्तरांच्या गाडीचं. १२८ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, आडवे, एकत्र बसवलेले होते. तो अख्खा संच उचलून सीटच्या मागे ठेवला, की झाली स्पोर्ट्स कार. १२९० सीसी, ७५ हॉर्सपॉवर. आकडे किरकोळ आहेत, पण वजन नऊशे किलोच्या आतबाहेर, त्यामुळे पुरेसे आहेत.

१९८४ मध्ये टोयोटानं पहिल्या एमआर-टूत हेच केलं. घराघरातल्या कोरोलाच्या कुटुंबातलं १५८७ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन मागे नेलं. अमेरिकेत त्याच सुमारास पॉन्टिॲक फिएरोनं साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचे भाग मागे बसवले. १९९६ ची लोटस एलिस एवढी नावाजलेली, पण तिच्यातलं इंजिन रोव्हरच्या नेहमीच्या गाड्यांत बसणारं होतं. यांपैकी कुणीही खास नवं इंजिन जन्माला घातलं नाही. बाजारात सहज मिळणारं, कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असलेलं इंजिन घेतलं आणि त्याची जागा बदलली. पोस्टिंग बदललं की तोच अफसर वेगळा दिसतो, हे आपल्याला नवं नाही.

परदेशात असलेल्या मराठी वाचकांसाठी सांगतो. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर माझं मत तिसऱ्या पिढीच्या एमआर-टूला, १९९९ ते २००७ मधल्या. एक्स-वन-नाइन दिसायला लाख सुंदर, पण तिला आणि पहिल्या एमआर-टूलाही गंजाची खोड आहे. गाडी बघायला जाताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गुडघ्यावर बसून खालून पत्रा बघा. इंजिन बदलता येतं. सडलेला सांगाडा बदलण्यात घर विकायची वेळ येते. तिसऱ्या एमआर-टूचं १.८ लिटर इंजिन कोरोलाच्या घराण्यातलं आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत तेल पिण्याची आणि एक्झॉस्टमधला प्री-कॅट फुटण्याची तक्रार असते. एवढं तपासून घ्या. सामान ठेवायला जागा जवळजवळ नाही. बायकोला हे आधी सांगा.

भारतात हाच सल्ला लागू होत नाही, कारण आपला कायदा. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सर्वसामान्य माणसाला आयात करता येत नाही, आणि जी करता येते तिच्यावर गाडीच्या किमतीहून जास्त कर बसतो. शेवटची एमआर-टू २००७ ची. पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांचे नियम वेगळे आहेत, पण पहिली एमआर-टू त्या वयाची व्हायला २०३४ उजाडेल. म्हणजे उत्तर सरळ आहे. तरीही या गाड्या "मिळतात". तात्पुरत्या परवान्यावर आलेली आणि परत न गेलेली गाडी, किंवा भंगारात गेलेल्या दुसऱ्याच गाडीचा नंबर चढवलेली गाडी, हे उघड गुपित आहे.

ज्या तिघांनी विचारलं त्यांतल्या एकाला अशीच ऑफर आली आहे. लाल रंगाची, चालू स्थितीत, आणि "साहेब, कागद होऊन जातील" असं आश्वासन. हा माझा खडकवासल्यापासूनचा मित्र. वीस वर्षांहून जास्त नोकरी, त्यातली निम्मी कुटुंबापासून लांब. मुलगा आता अकरावीत आहे. बापाला एवढंच हवंय की पोरगा कॉलेजला जाण्याआधी दोन वर्षं दोघांनी मिळून, हात काळे करत काहीतरी करावं. त्यासाठी तो डीएसओपी फंडातले पैसे काढायला निघाला आहे. फोनवर मला म्हणाला, "लेका, आयुष्यभर नियमच पाळले. एकदा मनासारखं करू दे ना."

त्याची इच्छा मला पूर्ण समजते. म्हणूनच विरोध करतो. पैसे गेले तर परत उभे करता येतील. पण एखाद्या सकाळी कस्टम्सवाले किंवा पोलीस येऊन ती गाडी उचलून नेतील तेव्हा शेजारी तो अकरावीतला मुलगा उभा असेल. बापानं दोन वर्षांत त्याला वेल्डिंग शिकवलं असेल, टॉर्क रेंच धरायला शिकवलं असेल, आणि त्याचबरोबर हेही शिकवलं असेल की हवी ती वस्तू मिळत असेल तर कागदाकडे बघायचं नाही. हा धडा पुसायला दोन वर्षं पुरणार नाहीत. वर्दी उतरवली तरी "रिटायर्ड" या शब्दाच्या आधी रँक लावायचीच असते. तिची लाज ठेवायला हवी.

मग दुसरी पळवाट सुचते. आपल्याच एखाद्या जुन्या गाडीचं इंजिन मागे बसवू! तेही रस्त्यावर चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तसंच स्पष्ट केलं आहे. देशी पर्याय म्हणाल तर डीसी अवंती होती. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली, रेनोचं २ लिटर इंजिन मध्यावर असलेली. पण ती फार थोड्या संख्येनं बनली, आणि थोडी बनलेली गाडी प्रोजेक्टला घेणं म्हणजे पार्टसाठी देशभर फोन फिरवत बसणं. आमच्या एलएडीतला एक हवालदार म्हणायचा, "साहेब, गाडी बिघाडानं मरत नाही, पार्टची वाट बघून मरते."

तर मग काय घ्यावं? बरेच जण म्हणतील जिप्सी, नाहीतर लिलावातली जोंगा. चांगल्या गाड्या आहेत, पण आपण आयुष्यभर त्यांच्याच बॉनेटखाली डोकं घातलं. प्रोजेक्ट नवं शिकण्यासाठी असतो. काही विनोदी मित्र ओम्नी सुचवतात. त्यांचं चूक नाही. इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, म्हणजे पुस्तकी व्याख्येनं ओम्नीही मिड-इंजिनच! उन्हाळ्यात तिच्यात बसलेल्याला इंजिन नेमकं कुठे आहे हे सांगावं लागत नाही. पण तिला स्पोर्ट्स कार म्हणवत नाही.

माझं उत्तर कोइंबतूरला आहे. वेलिंग्टनला स्टाफ कॉलेज करत असताना मी निलगिरी उतरून करी मोटर स्पीडवेवर शर्यती बघायला जायचो. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन ड्रायव्हरच्या मागे बसवून फॉर्म्युला मारुती ही रेसकार तयार केली होती. पुढे फॉर्म्युला एलजीबीत स्विफ्टचं १.३ लिटर इंजिन आलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, चार उघडी चाकं, मध्यावर इंजिन. फियाटनं १९७२ मध्ये जे केलं तेच, आपल्या बाजारातल्या मालावर. शर्यतीतून बाजूला पडलेल्या अशा जुन्या गाड्या अधूनमधून विकायला निघतात. त्यांना आरटीओची नोंदणी लागत नाही, कारण त्या रस्त्यावर जातच नाहीत. पिस्टन रिंगपासून क्लच प्लेटपर्यंत इंजिनाचे बहुतेक पार्ट पुण्यात, झाशीत, जोधपूरला, कुठल्याही छावणीशेजारच्या दुकानात मिळतात. पोस्टिंग आलं की ट्रकवर चढवा आणि चला. एनओसी नाही, राज्याराज्याचा रोड टॅक्स नाही.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. "मग चालवायची कधी?" खरं आहे. ट्रॅक कोइंबतूरला, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि नोएडाजवळ. पुण्यातल्या माणसाला वर्षातून दोनदा, फार तर तीनदा जमेल. ट्रेलरचं भाडं, हेल्मेट, सहा पॉइंटचे बेल्ट, ट्रॅकची फी वेगळी. मी याला किंमत मानतो आणि ती देण्याजोगी वाटते. लाल एमआर-टूही रस्त्यावर रोज काढता येणार नव्हतीच. प्रत्येक नाक्यावर पोटात गोळा आला असता. ज्याला रस्त्यावर चालवायचीच आहे त्यानं जुनी नॅनो घ्यावी. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. काटेकोर अर्थानं ती मिड-इंजिन नाही आणि स्पोर्ट्स कार तर नाहीच, पण सहाशे किलोंच्या आसपासची ती हलकी गाडी मूळ स्थितीत आणताना मागच्या इंजिनाचं बरंचसं शास्त्र हाताला कळतं. कागदही स्वच्छ राहतात.

गाडी बघायला जाण्याआधी कोर्समेट्सना मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. हिचा क्लच जिथे मी राहतो तिथे उद्या मिळेल का? हिचे कागद मी कुठल्याही नाक्यावर न घाबरता दाखवीन का? आणि पुढचं पोस्टिंग येण्याआधी ही पूर्ण होईल का? तीनही उत्तरं "हो" असतील तर रंग, मॉडेल, देश काहीही चालेल. एकाचंही उत्तर "बघू" असेल तर परत फिरा, गाडी कितीही देखणी असो.

माझ्या त्या मित्रानं अजून काही ठरवलेलं नाही. लाल गाडीवाला रोज फोन करतो म्हणे. मी त्याला कोइंबतूरच्या एका जुन्या, रंग उडालेल्या सिंगल-सीटरचे फोटो पाठवले आहेत. ते त्यानं पाहिले की नाही ठाऊक नाही, पण त्याच्या मुलाचा मला मेसेज आला: "काका, हिच्यात गिअरबॉक्स कुठे बसतो?"