थकवा म्हणजे आळस नव्हे

दरवर्षी ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या क्रुसासारख्या एकमेकींवर धरून श्रद्धावंतांच्या गळ्याशी नेतात आणि घशाच्या व्याधींपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून आशीर्वाद देतात. चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियातील सेबास्ते नगरीच्या या महागुरूंनी ख्रिस्तासाठी प्राण वेचले. आशीर्वादासाठी उभ्या राहणाऱ्या रांगेत अलीकडे अशा भगिनी आमच्या दृष्टीस वारंवार पडतात, की ज्यांच्या गळ्याच्या पायथ्याशी एक आडवा वण असतो. त्यांची थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असते. कोणाला मोठी गाठ झालेली असते, कोणाला कर्करोग, तर कोणाच्या ग्रंथीने प्रमाणाबाहेर काम मांडलेले असते. टाके निघतात, वण भरून येतो, घरची मंडळी देवाचे आभार मानतात. आणि पुष्कळदा न दिसणारे दुखणे त्यानंतरच सुरू होते. त्या दुखण्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

तेलंगणाच्या सीमेवर, गोदावरीच्या काठी, बासर हे गाव आहे. सरस्वतीच्या देवळामुळे ते दूरवर प्रसिद्ध आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ सालापासून निर्मल जिल्ह्यात मोडते. एका अंगाला महाराष्ट्रातील धर्माबाद, नदीपलीकडे निजामाबाद; मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा या पट्ट्यात शेजारणींसारख्या नांदतात. येथील कष्टकरी बायांचा दिवस कापूस वेचण्यात, हळदीच्या कामात, विड्या वळण्यात जातो. अशी एखादी माउली नांदेडला किंवा हैदराबादला शस्त्रक्रिया करवून घरी परतते. तीनचार महिने लोटतात. सकाळी अंथरुणातून उठताना अंग शिशासारखे जड वाटते. पूर्वी दुपारपर्यंत उरकणारे काम दिवस मावळला तरी सरत नाही. चोळी दंडात आवळू लागते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, भर उन्हाळ्यातही अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते, केस गळतात, ठेवलेली वस्तू आठवत नाही. घरचे म्हणतात, "गाठ गेली, आता हिला काय झालंय?" शेजारीण म्हणते, "बसून खाते, म्हणून अंगाने सुटली."

वाचकहो, या दोन वाक्यांत किती मोठा आरोप दडला आहे, हे आपल्या ध्यानी येते काय? ख्रिस्तसभा ज्या सात पापांना इतर पापांची मुळे मानते, त्यांत आळस हे एक आणि खादाडपणा हे दुसरे. म्हणजे एका आजारी स्त्रीच्या देहाकडे नुसते पाहून आपण तिच्यावर दोन मूळ पापांचा ठपका ठेवून मोकळे होतो. आणि कालांतराने ती बिचारी स्वतःच त्यावर विश्वास ठेवू लागते.

वास्तविक या ग्रंथीचे कार्य काय? गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही छोटी ग्रंथी वसते. आपल्या आहारातील आयोडीन घेऊन ती एक स्राव तयार करते आणि तो रक्तात सोडते. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करावे, हे त्या स्रावावर अवलंबून असते. चुलीतील जाळ मंद केला तर भात शिजण्यास वेळ लागतो, तद्वत हा स्राव कमी पडला की हृदय, आतडी, स्नायू, किंबहुना विचारशक्तीसुद्धा मंदावते. त्यात चुलीचा दोष नसतो, भाताचाही नसतो. जाळ कमी असतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही सहज उमगली नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थोर शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८७४ साली एका ११ वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु पुढे त्या मुलीची वाढ खुंटली, ती मंद व सुस्त झाली आणि तिच्याच सारखी दिसणारी धाकटी बहीण उंचीने तिच्या पुढे गेली. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांची अशीच दशा झाल्याचे त्यांना आढळले. त्यांनी रुग्णांना दोष दिला नाही. १८८३ साली बर्लिनच्या शल्यविशारदांच्या सभेत त्यांनी ही हकीकत उघडपणे मांडली. या ग्रंथीवरील कार्याबद्दल १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कौतुकाने तृप्त न होता, घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची त्यांची वृत्ती आम्हांस अनुकरणीय वाटते.

पुढे उपायही सापडला. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉक्टर मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. १९१४ साली नेमक्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, अमेरिकेतील केंडल या शास्त्रज्ञांनी त्या स्रावाचे शुद्ध स्फटिक मिळविले, आणि १९२७ साली तो प्रयोगशाळेत तयार करता आला. आज आपल्या भगिनी रोज सकाळी जी इवलीशी पांढरी गोळी घेतात, ती लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे त्याच स्रावाची प्रतिकृती होय. म्हणून ती एखाद्या व्यसनाप्रमाणे 'सवय लावणारी' गोळी नव्हे. देहाने जे स्वतः करावयाचे, ते आता ती करते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या मनुष्यास ती आजन्म घ्यावी लागते. आयोडीनयुक्त मीठ सर्वांच्याच घरी हवे. परंतु जी ग्रंथीच उरली नाही, तिची उणीव कोणतेही मीठ वा काढा भरून काढू शकत नाही.

गोळी घेण्याची रीत मात्र कसोशीने पाळावी. सकाळी उठल्यावर उपाशी पोटी, केवळ पाण्याबरोबर ती घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहादेखील घेऊ नये. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असल्यास दोहोंमध्ये ४ तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर मूळ औषध अंगी लागत नाही. या औषधाचा अंश शरीरात पुष्कळ दिवस टिकतो. अर्धे औषध सरण्यास सुमारे एक आठवडा लागतो. त्यामुळे गोळी चुकली तरी दोनतीन दिवस काहीच जाणवत नाही, आणि 'गोळीवाचूनही चालते' असा भ्रम होतो. हा भ्रमच पुढे माणसाला अंथरुणाला खिळवतो. गोळीचे प्रमाण बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी रक्ताची टी. एस. एच. तपासणी करून घ्यावी. प्रमाण आपल्या मनाने वाढवू नये; अधिक गोळीने वजन उतरेल, या आशेने जे असे करतात त्यांच्या हृदयाला व हाडांना अपाय होतो. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे, कारण त्या काळात औषध बहुधा अधिक लागते. बोटांना वा ओठांभोवती मुंग्या येत असतील, हातापायांत गोळे येत असतील, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. ग्रंथीलगतच्या चार लहान ग्रंथींना धक्का पोहोचून रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते.

येथे आम्हांस एका गैरसमजाविषयी मुद्दाम सांगावयाचे आहे. कित्येक भाविक भगिनी रविवारी सकाळच्या मिस्सापूर्वी गोळी घेत नाहीत. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास मोडेल, अशी भीती त्यांना वाटते. प्रायश्चित्तकाळात तर काहीजणी गोळीच वर्ज्य करतात. भगिनींनो, ही भीती निराधार आहे. पाण्याने हा उपवास मोडत नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच ठरवून दिले. पोप सहावे पौल यांनी १९६४ साली या उपवासाची मर्यादा एका तासावर आणली. सांप्रतच्या धर्मसभेच्या कायद्यानुसार पाणी आणि औषध दोन्ही केव्हाही घेता येतात. आजारी व वृद्ध माणसांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर तासाचेही बंधन नाही. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार या दिवसांचा उपवास १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. औषध टाकून देवाला अर्पण केलेला त्याग देवाने मागितलेलाच नसतो.

कर्करोगामुळे ज्यांची ग्रंथी काढली, त्यांची वाट आणखी खडतर असते. अशा पुष्कळ रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार द्यावा लागतो. मुंबईत परळ येथे टाटा रुग्णालयाच्या परिसरात १९६३ साली सुरू झालेले विकिरण औषध केंद्र हे कार्य करीत आले आहे, आणि मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांना परळची वाट ठाऊक आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. या उपचारापूर्वी डॉक्टर कधीकधी काही आठवडे गोळी बंद ठेवावयास सांगतात. त्या दिवसांतला थकवा अतिशय दारुण असतो. घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे लागते. आई मुलाला जवळ घेत नाही, हे पाहून कोणी तिला निष्ठुर म्हणू नये. ते तिचे प्रेमच असते.

आता एक अवघड गोष्ट. सर्व काही नीट पाळूनही, रक्ताचा अहवाल उत्तम येऊनही, काही रुग्णांचा थकवा पुरता जात नाही. अशा वेळी 'अहवाल चांगला, म्हणजे दुखणे मनाचे' असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. रक्तक्षय आहे काय, 'बी-१२' वा 'ड' जीवनसत्त्व कमी आहे काय, झोपेत श्वास अडतो काय, मन खिन्न झाले आहे काय, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. वजनाच्या बाबतीतही विवेक हवा. स्राव कमी पडल्याने वाढलेले वजन बहुधा थोड्या किलोंचेच असते आणि त्यात अंगात साठलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. योग्य औषधाने त्यातील काही उतरते. उरलेल्यासाठी उपाशी राहून नव्हे, तर ताटातील भात, गोड व तेलकट बेताने घेऊन, डाळी व भाज्या वाढवून आणि झेपेल तेवढे चालून पाहावे. आज अंगणाच्या कडेपर्यंत, पुढच्या आठवड्यात चर्चपर्यंत. फळ मंद गतीने येते, पण येते.

आळस या पापाचे विवेचन महापंडित संत थॉमस अक्वायनस यांनी केले आहे. त्यांच्या मते हे पाप म्हणजे देवाच्या चांगल्या देणगीविषयी मनाने मानलेला विषाद होय. ते इच्छेत वसते, स्नायूंत नव्हे. हे लिहिणारे संत स्वतः देहाने स्थूल व स्वभावाने अबोल होते. सहाध्यायी त्यांना 'मुका बैल' म्हणून हिणवीत. त्यांचे गुरू संत आल्बर्ट यांनी मात्र शिष्याचे खरे तेज ओळखले. लिस्यूच्या छोट्या तेरेजाला प्रार्थनेत झोप अनावर होत असे; निजलेले लेकरूही आईबापांना जागत्या लेकराइतकेच प्रिय असते, या विचाराने ती स्वतःचे समाधान करीत असे. म्हणून जी भगिनी जपमाळ पुरी होण्याआधीच पेंगते, जिला मिस्साच्या वेळी उभे राहवत नाही, तिने खुशाल बसून राहावे. हा थकवा पापनिवेदनात पाप म्हणून सांगण्याचे कारण नाही.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि देवाचे कार्य त्याच्या ठायी प्रकट व्हावयाचे आहे, असे सांगितले. आपल्या घरातही हे कार्य प्रकट होऊ शकते, आणि त्यासाठी चमत्कारच लागतो असे नाही. नवऱ्याने पहाटे उठून पाण्याचा पेला व गोळी तिच्या हाती द्यावी. लेकाने विहिरीची वा नळाची खेप आपल्याकडे घ्यावी. सासूबाईंनी सुनेच्या ताटाकडे न पाहता तिच्या डोळ्यांकडे पाहावे. शस्त्रक्रियेचे सर्व कागद एका पिशवीत नीट जपावेत, म्हणजे निजामाबादच्या डॉक्टरांना नांदेडचे काम समजेल. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या अंगाविषयी बोलण्याऐवजी एक दिवस तिच्या घरची भाकरी भाजून द्यावी.

गळ्यावरचा वण सर्वांना दिसतो. त्यामागचा भार एकटीच वाहते. क्रुसाचा भार वाहताना प्रभू स्वतः थकला होता, आणि कुरेनेच्या शिमोनाने त्याला हातभार लावला होता. त्या वेळी कोणी प्रभूला आळशी म्हटल्याचे आम्ही वाचलेले नाही. आपल्या घरातील थकलेल्या माणसाला आपण शिमोन व्हावे, एवढीच आमची विनंती.