डाग ओलीचा, ठपका बाईवर!

श्रावण-भाद्रपदात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोद्याकडच्या कितीतरी घरांत बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत काळ्या रेघा उमटतात. पाहुणे आले की घरातली सून ओशाळते. त्यात कुणीतरी म्हणतंच, "रोज घासलं असतं तर कशाला झालं असतं?" मला राग येतो तो या वाक्याचा.

आपलं नंदुरबार मिरचीचं. पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला, की तिला बुरशी लागते. तेव्हा मिरची पसरणाऱ्या बायांना कुणी आळशी म्हणत नाही, बोल पावसालाच लागतो. मग बाथरूममधल्या बुरशीचा ठपका बाईवर का? नियम तर एकच: ओल टिकली की बुरशी वाढते. टाइल गुळगुळीत असते, पण सांध्यातलं सिमेंट पाणी धरून ठेवतं. वर साबणाचा थर आणि अंगाचा मळ. बुरशीला आणखी काय हवं?

या ठपक्यापायी बायका जिवावरचे उपाय करतात, ही खरी काळजी. आधी ॲसिड ओततात, डाग गेला नाही की वरून ब्लीचिंग पावडर टाकतात. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. दार लावलेल्या इवल्याशा बाथरूममध्ये तो डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करतो, प्रसंगी जीवही घेतो. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेक वेळा ॲसिडच असतं, हे विसरू नका. शिवाय ॲसिड सांध्यातलं सिमेंट खातं. सांधा खडबडीत झाला, की तिथे घाण आणि पाणी जास्तच साचतं.

मग करायचं काय? आधी खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लगदा करा, सांध्यांवर लावा आणि जुन्या टूथब्रशने घासा. डाग हटला नाही, तर दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुतलेल्या जागी पातळ ब्लीच वापरा. एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे लिक्विड ब्लीच पुरे. हातमोजे घाला, दार-खिडकी उघडी ठेवा, दहा मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा. त्यात दुसरं काहीही मिसळू नका, व्हिनेगरसुद्धा नाही.

पण ओल राहिली तर डाग परत येणारच. म्हणून आंघोळीनंतर भिंत-फरशीवर वायपर फिरवा, दार उघडं ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका. आणि हो, वायपर फिरवायचा तो ज्याने आंघोळ केली त्याने! घरधनी असो की कॉलेजातला मुलगा. इतकं करूनही एकच जागा सतत ओली दिसली, तर आतला पाइप गळतोय का, ते प्लंबरकडून बघून घ्या.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. ओल-बुरशीच्या घरात दम्याचा आणि श्वासाचा त्रास वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलं आहे. तरी नवं घर बांधताना छतापर्यंत टाइल्स लावायला पैसे निघतात, पण झरोका हातभर ठेवायचा की नाही, हे गवंडी आणि पुरुष परस्पर ठरवून मोकळे होतात. मैत्रिणींनो, नकाशा कागदावर असतानाच विचारा, "बाथरूमला हवा कुठून येणार?" घासायचं आपल्याला असेल, तर ठरवतानाही आपण असायलाच हवं.