भोळेपणा नव्हे, औदार्य

डोंगर उतरून आलेल्या शहरी माणसाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : 'काय भोळी माणसे! ओळख ना पाळख, घरात घेतले, जेवू घातले.' यातल्या कौतुकाला आमची हरकत नाही. 'भोळी' या शब्दाला आहे.

अकोले तालुक्यातील घाटमाथा घ्या. रतनगड, हरिश्चंद्रगड आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई येथे सुटीच्या दिवशी तरुणांची रीघ लागते. पायथ्याच्या गावांत महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. वाट चुकलेल्याला पडवी मोकळी करून देणे, चुलीवरची नागलीची भाकरी वाढणे, हे तेथे आजही घडते. आम्ही ते अनुभवले आहे.

पण हाती आलेला पाण्याचा तांब्या कोठून आला, हे किती जण विचारतात? या माथ्यावर पाऊस अफाट कोसळतो. कातळ मात्र तो धरून ठेवत नाही. रतनगडाच्या परिसरातले पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात साठते आणि खाली प्रवराकाठच्या उसाला जाते. वरच्या कित्येक वाड्यांतील बायका वैशाखात हंडा घेऊन दूरचा झरा गाठतात. असे घर अनोळख्याला पाणी देते, ते हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. हिशेब कळूनही देते. बायबलमधला दयाळू शोमरोनीही भोळा नव्हता. त्याने दोन दीनार मोजून दिले होते.

'भोळे' म्हटले की आपली सोय होते, कारण भोळ्याचे ऋण मानावे लागत नाही. मग त्याच हंड्यातल्या पाण्याने पाय धुतले जातात, झऱ्यावर प्लास्टिकच्या बाटल्या टाकल्या जातात. त्या घराने जेवणाचे पैसे मागितले, की 'ही माणसे बिघडली' असा शेरा मिळतो! स्वतःच्या घामाचा पगार घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचे अन्न कायम फुकट मागावे, हा कोणता न्याय?

आमचे म्हणणे साधे आहे. सांगितलेले दाम घासाघीस न करता द्यावे. प्रेमाने दिलेल्यावर नोट फेकू नये. उन्हाळ्यात आपले पाणी आपण न्यावे. आणि कामाच्या शोधात डोंगरातला माणूस आपल्या दारी आला, तर त्याला आधी पाणी विचारावे; 'कोण पाहिजे?' हे नंतर.