भाऊ, आम्हाला वेगळा पक्ष काढायचा नाही

भाऊ,


महापालिकेसाठी तुमच्या पक्षाची उमेदवारी मागायला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया तुमच्याकडे आल्या होत्या. तुम्ही अर्ज हातातसुद्धा घेतला नाहीत. "तुम्हा ख्रिश्चनांची मतं ती किती? काढा की तुमचा तुमचा पक्ष," एवढं म्हणालात आणि पुढच्या माणसाशी बोलू लागलात. ते लागलं, फार लागलं. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

ख्रिस्ती पक्ष कसा असतो, ते मी वाचलं आहे. नेदरलँड्समध्ये एसजीपी नावाचा पक्ष आहे. १९१८ साली निघाला, १९२२ पासून संसदेत आहे. राज्य बायबलप्रमाणे चालावं, रविवार पाळला जावा, ही त्यांची भूमिका. मतं शेकडा दोनच्या आसपास, १५० पैकी जागा दोन-तीन. तिथे अख्खा देश एकच मतदारसंघ धरतात, त्यामुळे शेकडा पाऊणहूनही कमी मतांना एक जागा मिळते. १९२५ मध्ये त्यांचे पुढारी रेव्हरंड केर्स्टन यांनी व्हॅटिकनमधली वकिलात बंद करायची सूचना मांडली. ती मंजूर झाली आणि तिच्यापायी मंत्रिमंडळ कोसळलं. मूठभरांच्या मताला तिथे एवढं वजन!

पण त्याच पक्षाने २०१३ पर्यंत बाईला उमेदवारी दिली नाही. सत्तेची जागा बाईची नव्हे, असं ते बायबलच्या आधाराने सांगत. २०१० मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय विरोधात गेलं, २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही दाद दिली नाही, तेव्हा कुठे नियम बदलला. भाऊ, असला पक्ष मी कशाला काढू? माझ्या मागे लक्ष्मीबाई टिळक उभ्या आहेत. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि ती सगळ्या महाराष्ट्राने आपली मानली. ख्रिस्ती म्हणून त्या बाईला कुणी वेगळं साहित्य काढ म्हणालं नाही.

ज्या शरणपूर रोडवरून तुम्ही रोज जाता, ते शरणपूर १८५४ मध्ये वसलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन तो १८७४ मध्ये लंडनला पोहोचला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. दीनदुबळ्यांना आसरा देणारं गाव म्हणून आमची वस्ती उभी राहिली. त्या वस्तीतल्या बायांना तुम्ही तुमच्या दारातून वाटेला लावलंत. नाताळात चर्चसमोर हात जोडलेला तुमचा फलक लागतो, नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला येणाऱ्यांचं स्वागतही तुमच्याच नावाने होतं. तेव्हा आमची मतं किती, हे तुम्ही विचारत नाही.

तरी हिशेब सांगते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, शेकडा एकाला जरा कमी. डच पद्धतीने पाहिलं तर २८८ मध्ये दोन-तीन आमदार होतात. इथे आम्ही शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, मनमाड असे विखुरलेले, कुठल्याच प्रभागात पुरेसे नाही. गोव्यात १९६३ मध्ये युनायटेड गोवन्सला २८ पैकी १२ जागा मिळाल्या, कारण सासष्टीसारख्या भागात ख्रिस्ती वस्ती एकवटलेली आहे. आणि त्यांचे पुढारी जॅक सिक्वेरा यांनी तरी पक्षाला नाव गोवेकरांचं दिलं, धर्माचं नाही. आम्हालाही मराठी माणसांच्या पक्षातच राहायचं आहे. तुमच्या सभांना सतरंज्या घालणाऱ्यांत आमची पोरं होतीच की.

खरी गोष्ट याहून कडू आहे. आमच्यातले बहुतेक जण महार-मांगांच्या घरांतून आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला मात्र बाहेरच राहिला. जात कुणी विसरत नाही, अनुसूचित जातींसाठी राखीव प्रभागात अर्ज मात्र भरता येत नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढायला सांगितलं, ते बासनात गेलं. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला.

उमेदवारी गेली, ती आता मागत नाही. पण १९५० च्या त्या आदेशाबद्दल तुमच्या पक्षाचं म्हणणं काय आहे, ते पक्षाच्या कागदावर, सहीनिशी लिहून द्या. रविवारच्या उपासनेनंतर ते मंडळीत वाचून दाखवू. आणि त्या दिवशी आलेल्या बायांची त्यांच्यासमोर माफी मागा.

तुमची,
शरणपूरची एक मतदार