बेटावरच्या सुट्टीची आखणी घरातूनच करा

ब्राह्मणपुरीच्या आणि शहादा परिसरातल्या मंडळींनो,

अंदमान, मालदीव, मॉरिशस ही नावं आता आपल्या ओट्यांवरही निघू लागली आहेत. पपईचे, केळीचे चार पैसे हाती आले, मुलगी पुण्यात नोकरीला लागली, आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, की कोणीतरी मोबाइलवर निळ्याशार पाण्याचे फोटो दाखवतं आणि सगळं घर त्याभोवती जमतं. जरूर जा. कष्टाच्या पैशावर चार दिवस चांगल्या हॉटेलात राहण्यात काहीही गैर नाही. शेतकऱ्याच्या घराला हे शोभत नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याचं मनावर घेऊ नका. पण एवढा पैसा घालणारच असाल, तर तो घालण्याआधी माझं थोडं ऐका.

आपल्याला प्रवासाची सवय आहे ती यात्रेची. प्रकाशा, सारंगखेडा, पंढरपूर, जमलं तर चारधाम. यात्रेत पहाटे उठायचं, रांगेत उभं राहायचं, मिळेल ते खायचं, जागा मिळेल तिथे अंग टाकायचं. तिथे ते योग्यच असतं. पण बेटावरची सहलही आपण तशीच आखतो. सहा दिवसांत तीन बेटं, रोज सामानाची बांधाबांध, रोज पहाटेची बोट, एका खोलीत पाच जण. वर सोबत शिधा आणि शेगडी, म्हणजे घरातल्या बायकांनी तिथेही पोळ्याच लाटायच्या. लाख-दोन लाख खर्चून माणसं दमून घरी येतात आणि फोटो तेवढे छान निघाले म्हणून समाधान मानतात.

अशा सुट्टीत आपण आराम विकत घेत असतो. म्हणून घरात सर्वांत कमी आराम कोणाच्या वाट्याला येतो, ते आधी ठरवा आणि सगळी आखणी त्या माणसाभोवती करा. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या नंतर जेवणारी बाई. तिला आधी विचारा. तिला समुद्र हवा आहे का? बोटीत मळमळतं का? दिवसभर नुसतं बसून राहायला आवडेल, की काही बघायचं आहे? तिचं उत्तर आलं की निम्मे प्रश्न सुटतात. शिधा घरीच राहतो. म्हाताऱ्यांना वेगळी खोली मिळते, तीही तळमजल्यावर. तीन बेटांऐवजी एकच बेट ठरतं आणि तिथे सलग चार रात्री मुक्काम होतो. खोली थोडी साधी घ्या, पण मुक्काम वाढवा.

आता बेट कोणतं आणि केव्हा, ते पाहू. इथे फोटोपेक्षा पंचांग महत्त्वाचं. आपल्याकडे दिवाळीची आणि मे महिन्याची अशा दोनच सुट्ट्या सगळ्यांना जमतात, आणि अंदमानसाठी त्या दोन्ही अडचणीच्या आहेत. नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या उत्तरार्धात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. पाणी शांत आणि नितळ असतं ते जानेवारी ते एप्रिल. तेव्हा आपल्याकडे ऊसतोड चालू असते, पपईचीही तोड असते आणि मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. म्हणून सारंगखेड्याची यात्रा आटोपल्यावर, संक्रांतीनंतरचा आठवडा बघा. सालदाराशी आणि भावाशी पाण्याच्या पाळ्यांचं आधीच बोलून ठेवा. शाळेतून मुलांची चार दिवसांची रजा मागून घ्या. लहान मुलं असतील तर हे सहज जमतं.

सुट्टी मे किंवा दिवाळीतच घ्यायची असेल तर मॉरिशसचा विचार करा. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथले ऋतू आपल्या उलट. तिथे चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च असतो, तर मे ते नोव्हेंबर हवा कोरडी आणि सुखद. आपल्यासारख्या ऊस पिकवणाऱ्या गावाने ते बेट बघावं याला आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी उसाच्या मळ्यांत राबायला जे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, तिथे नेले, त्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, शाळांमधून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. महागड्या रिसॉर्टमधून एक दिवस बाहेर पडून त्या लोकांना भेटा.

लक्षद्वीप जवळचं वाटतं, पण तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि राहण्याच्या सोयी मोजक्याच आहेत. परवाना हातात येईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका. अंदमानात मुख्य पर्यटन बेटांवर जायला भारतीयांना परवाना लागत नाही. पहिल्याच खेपेला निघालेल्या घरासाठी मला तेच सर्वांत सोयीचं वाटतं.

अंदमानची नावं बदलली आहेत, तीही लक्षात ठेवा. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. तिकिटावर एक नाव आणि हॉटेलच्या कागदावर दुसरं दिसलं तर घाबरू नका. प्रवास मात्र लांबचा आहे. आपल्याकडून नंदुरबार, तिथून रेल्वेने सुरत किंवा मुंबई, मग बहुधा चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमान, आणि शेवटी श्री विजयपुरमहून दीड-दोन तासांची फेरीबोट. एवढ्या साखळीतली एक कडी तुटली की पुढचं सगळं कोलमडतं. म्हणून दोन नियम पाळा. जाताना एका दिवसात सगळं उरकायला बघू नका, मध्ये एक रात्र विश्रांती घ्या. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी स्वराज द्वीपावरून श्री विजयपुरमला येऊनच राहा.

हा दुसरा नियम कोणी मोडायला सांगितला तरी मोडू नका. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे फेऱ्या बंद पडल्या आणि हॅवलॉक व नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. शेवटी नौदलाला त्यांना बाहेर काढावं लागलं. शिवाय कोणी स्कूबा डायव्हिंग केलं, तर त्यानंतर निदान १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तो मोकळा दिवस वाया जात नाही. त्याच दिवशी सेल्युलर जेल बघा. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगात १९११ ते १९२१ या काळात सावरकर होते. मुलांना ती कोठडी दाखवा आणि घाई न करता दाखवा.

हॉटेल निवडताना पोहण्याचा तलाव, झुंबर, नाश्त्याचे पदार्थ यांच्याआधी एक प्रश्न विचारा: ओहोटीला समोर काय दिसतं? स्वराज द्वीपाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर अनेक हॉटेलं आहेत, आणि तिथे ओहोटीला पाणी मागे सरून खडक आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. फोटो भरतीचे असतात. पोहण्यासारखा लांबच लांब वाळूचा किनारा म्हणजे पश्चिमेचा राधानगर. समुद्रात उतरणं हाच सहलीचा हेतू असेल तर राधानगरजवळ राहा. दुसरी गोष्ट सूर्याची. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण अंदमान आपल्यापासून फार पूर्वेला आहे. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच-साडेपाचलाच दिवस मावळतो. दुपारी जेवून झोपलात आणि पाचला उठलात, तर तो दिवस गेला. पहाट लवकर होते, तेव्हा सकाळ किनाऱ्यावर घालवा.

घरात माळकरी किंवा शाकाहारी मंडळी असतील तर जेवणाचं आधी लेखी विचारा. बेटावर भाजीपाला बराचसा जहाजाने येतो, तो महाग असतो आणि कधीकधी नसतोच. रोज दोन्ही वेळा शाकाहारी जेवण, वेगळ्या भांड्यात, मिळेल का, हे ईमेलवर मागून घ्या. म्हाताऱ्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर औषधं परतीच्या तारखेपेक्षा आठ दिवस जास्तीची घ्या. स्वराज द्वीपावर प्राथमिक उपचार मिळतात, पण मोठं काही झालं तर पेशंट श्री विजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात न्यावा लागतो आणि मध्ये समुद्र असतो. प्रवास विमा यासाठीच काढायचा.

पाण्याबद्दल हात जोडून सांगतो. गोमाई आणि तापीत पोहलेल्या माणसाला समुद्राची भीती वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे. समुद्रात किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह असतो, तो सहज ओळखू येत नाही. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाजूला व्हा, मग बाहेर या. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जिथे फलक लावलाय, जिथे ओढा समुद्राला मिळतो, जिथे तिवराची झाडी आहे, तिथे उतरू नका. जीवरक्षक नाही म्हणाला की नाही. साडीत, पदराचा घोळ सांभाळत पाण्यात जाऊ नका. बायकांसाठी अंगाला नीट बसणारे कपडे आधीच शिवून किंवा विकत घेऊन ठेवा, म्हणजे त्यांनाही नुसतं काठावर चपला सांभाळत बसावं लागणार नाही.

आता पैशाचं. शहाद्याच्या बाजार समितीत पपईच्या दरासाठी आपण एकेका रुपयावरून व्यापाऱ्यांशी तासन्‌तास बोलतो. सहलीचा कागदही तेवढ्याच बारकाईने वाचा. जाहिरातीतला आकडा क्वचितच पूर्ण असतो. मालदीवचं उदाहरण घ्या. खोलीचं भाडं ४०,००० रुपये सांगितलं, त्यावर १० टक्के सेवाशुल्क धरलं आणि मग १७ टक्के पर्यटन कर लावला, की रक्कम ५१,४८० होते. त्याशिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर दिवसाला १२ डॉलर हरित कर. विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटापर्यंत जायची स्पीडबोट किंवा सी-प्लेन याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे आणि भरपूर असतात. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र राजधानी मालेत वेगळे पैसे देऊन काढावी लागते. म्हणून एकच प्रश्न विचारा: घर सोडल्यापासून घरी परत येईपर्यंत, सगळे कर धरून, माणशी एकूण किती? उत्तर लेखी घ्या.

पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका. बिलावर जीएसटी क्रमांक हवा. आगाऊ रक्कम दिल्यावर हॉटेलला स्वतः फोन लावा आणि तुमच्या नावाने खोली खरंच राखून ठेवली आहे का, ते विचारा. रद्द केल्यास किती परत मिळेल, केव्हा मिळेल, हे कागदावर असू द्या. ‘लकी ड्रॉमध्ये मोफत सहल लागली’ असा फोन आला तर बंद करा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. सेवेत खोट असेल तर ग्राहक मदतीसाठी १९१५ आहे. परदेशच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो. शेतीचं उत्पन्न म्हणून आपल्यातले बरेच जण विवरणपत्र भरत नाहीत, आणि मग तो पैसा तसाच अडकून राहतो. आपल्या सीएला विचारून विवरणपत्र भरा आणि तो परत मागा. आणि पीककर्जाला हात लावू नका. सहल पुढच्या वर्षी जाता येते, पण बियाणं-खतांची वेळ टळली की टळली.

शेवटचं सांगणं वागण्याबद्दल. अंदमानात बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवणं, त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा कायद्याने गुन्हा आहे. तरी काही जण ‘जारवा दाखवतो’ म्हणून पैसे मागतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी आहेत. सातपुड्यातल्या माणसाकडे कोणी गाडीची काच खाली करून असं बघितलेलं आपल्याला चाललं नसतं. तिथेही चालवून घेऊ नका. ‘जारवा दाखवतो’ म्हणणाऱ्या एजंटला तिथेच नकार द्या. किनाऱ्यावरचं प्रवाळ पिशवीत टाकू नका. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. आधी घरच्या बाईला विचारा, मग पिकाचं वेळापत्रक बघा, मग बेट आणि तारीख ठरवा. हॉटेल सर्वांत शेवटी. एक वही करा आणि तिच्यात प्रत्येक खर्च लिहा, त्यात एक मोकळा दिवस आणि त्या दिवसाचे पैसेही धरा. रक्कम आवाक्याबाहेर गेली तर बेट बदला, दिवस कमी करू नका. गावातलं कोणी आधी जाऊन आलं असेल तर त्यांना घरी बोलावून विचारा, आणि तुम्ही जाऊन आलात की पुढच्याला खरं-खरं सांगा: काय चांगलं होतं, कुठे पैसे जास्त गेले, काय टाळायला हवं. असं चार घरांनी केलं तरी आपल्या गावातल्या कोणालाही फसव्या पॅकेजवर पैसे घालवावे लागणार नाहीत.